तिखट कानाची त्रिशला

कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आधी विचारतात, "का वो, बरं वाटंना व्हय?" इथं भाजीचा भावसुद्धा भांडल्यासारखा विचारतात आणि प्रेमानं बोलावलेला पाहुणा दारातच दचकतो. अशा गावात त्रिशला मगदूम जन्माला आली, ती पण साउंड सर्व्हिसवाल्याच्या घरात. तिचे वडील महावीर मगदूम, म्हणजे सगळ्या कसबा बावड्याचे आण्णा. त्यांनी तीस वर्षं लग्नं, यात्रा, निवडणुका आणि कुस्तीची मैदानं आपल्या भोंग्यांनी दणाणून सोडली. आणि त्यांची ही एकुलती एक लेक आज असा अ‍ॅम्प्लिफायर बनवते, की जो आवाज करत नाही, नुसता ऐकतो. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

तिचं काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. लांबून आलेला रेडिओचा संदेश अँटेनापाशी पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की त्याला मोठं केल्याशिवाय पुढचं यंत्र त्याला ओळखतच नाही. मोठं करायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. पण गोम अशी, की प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर संदेशात स्वतःची थोडी खरखर मिसळतो. पहिल्यानंच ती मिसळली, तर पुढचे सगळे संदेशाबरोबर ती खरखरही तितक्याच इमानदारीनं मोठी करत जातात. म्हणून अँटेनाला लागून जो पहिला बसतो, त्याची स्वतःची खरखर अगदी नावापुरती असावी लागते. त्रिशला असे पहिले बसणारे अ‍ॅम्प्लिफायर बनवते.

आण्णांना हे पचायला वेळ लागला. तिनं एकदा कौतुकानं सांगितलं, "आण्णा, ह्याची खरखर अर्ध्या डेसिबलच्या आसपास हाय." आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पोट धरून हसले.

"अर्धा डेसिबल? अगं, आमच्या मिरवणुकीत अर्धा डेसिबल कोण मोजतंय? कुत्रं शिंकलं तरी त्येवढा फरक पडतोय की!"

ती चिडली नाही. डेसिबल हा शब्द तिला आण्णांनीच शिकवला होता. सात वर्षांची असल्यापासून ती यात्रेत त्यांच्या मिक्सरपाशी बसायची. माईकनं शिट्टी मारली की कोणतं बटण मागं फिरवायचं, हे तिला तेराच्या पाढ्याआधी येत होतं.

इंजिनिअरिंग करून ती बेंगळुरूच्या एका कंपनीत लागली आणि पहिल्याच महिन्यात तिनं कोल्हापूरचा हिसका दाखवला. हाताखाली आलेला अ‍ॅम्प्लिफायर तिनं असा जुळवला, की संदेश होईल तेवढा मोठा व्हावा. तो झालाही. त्याबरोबर खरखरही दुप्पट झाली. तिच्या वरच्या बाई फार कमी बोलायच्या. त्यांनी आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, "तुला मोठं करायचंय का ऐकायचंय?" जिथं जोर जास्तीत जास्त मिळतो ती जागा आणि जिथं खरखर कमीत कमी असते ती जागा, या दोन वेगळ्या असतात. ऐकायचं असेल तर थोडा जोर आपणहून सोडावा लागतो. कोल्हापूरच्या माणसाला जोर सोड म्हणणं म्हणजे पांढऱ्या रश्श्याऐवजी वरणभात घ्या म्हणण्यापैकी. त्रिशलाच्या जैन घरात रस्सा कधी शिजला नव्हता तरी जोर रक्तात होताच. तो सोडायला ती शिकली, आणि नऊ वर्षांत इतकी शिकली की अडलेलं काम शेवटी तिच्याच टेबलावर यायचं.

मग आई गेली. आण्णा एकटे पडले, पण ती परत आली त्याला तेवढंच कारण नव्हतं. बेंगळुरूत तिनं बनवलेली वस्तू कुठल्या यंत्रात जाते, त्या वस्तूनं कुणाचं काय भलं होतं, हे तिला कधीच कळायचं नाही. तिला ते बघायचं होतं. तिनं नोकरी सोडली आणि आण्णांच्या जुन्या भोंग्यांच्या गोदामावर दोन खोल्यांत आपलं वर्कशॉप थाटलं. खाली बंद पडलेले भोंगे, वर त्रिशलाचं सूक्ष्मदर्शक. लग्नाचं विचारायला आलेल्या बायकांना ती त्या सूक्ष्मदर्शकाखाली राळ्याच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर दाखवायची. तो बघण्यात त्या आपला प्रश्न विसरायच्या.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचं काम आलं. पंचगंगेतून पाणी उपसून रानांना देणारी ही संस्था, आणि तिच्या तीन मोटारी अगदी काठावर बसवलेल्या. दर पावसाळ्यात एकच घोर: पूर येण्याआधी मोटारी वर काढायच्या. लवकर काढल्या तर पुन्हा बसवायला दोन दिवस जातात आणि रानं वाळतात. उशीर झाला तर मोटारी बुडतात. पाणी किती वेगानं चढतंय हे कळायला मोटारींवरचा माणूस ज्ञानू नदीत उतरायचा. पायऱ्यांच्या तळाशी फुटांच्या खुणा केलेला एक लोखंडी खांब आहे, तिथपर्यंत जाऊन तो खूण बघायचा. कमरेला दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक काठावर त्याच्या बायकोच्या, चिमणाबाईच्या हातात. मागच्या वर्षी त्याचा पाय शेवाळावरून सुटला. चिमणाबाई बाभळीला पाय लावून बसली म्हणून माणूस हाती लागला.

त्रिशलानं तोडगा काढला होता. पन्हाळ्याच्या पायथ्याला, पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी नदीच्या बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजणारं एक छोटं यंत्र बसवायचं. ते दर पाच मिनिटांनी रेडिओवरून आकडा पाठवणार. वरचं पाणी इथं यायला चार-सहा तास लागतात, तेवढी आगाऊ वर्दी मिळाली की ज्ञानूला नदीत उतरायचं कारणच नाही. मोबाइलचा भरवसा नव्हता, कारण पावसात वीज गेली की टॉवरही मान टाकतात. अडचण एवढीच, की बंधाऱ्यावरचं यंत्र लहानशा बॅटरीवर चालणार, त्याचा आवाज अगदी बारीक, आणि मधे डोंगराची सोंड आणि मैलोगणती ओला ऊस. तो आवाज ऐकायला तिखट कान पाहिजे. असा कान कोल्हापुरात एकाच माणसाला बनवता येत होता.

तिनं बनवला, आणि झोकात बनवला. अँटेनाकडून आत येताना संदेश जिथून जातो, ते तारेचं वेटोळं तिनं ड्रिलच्या बिटावर स्वतः गुंडाळलं. तिथं वाया गेलेलं सगळं थेट खरखरीत जमा होतं. मग बांबूच्या काडीनं त्याचे वळसे केसाकेसानं दूर सारत बसली, कारण लोखंडाचा चिमटा नुसता जवळ आला तरी मापं बदलतात. चौथ्या दिवशी आकडा मनासारखा आला.

राहिला डबा. पावसात टिकणारा अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव डबा तिनं उद्यमनगरातल्या राजवीरला सांगितला. तीन पिढ्यांची फौंड्री, हात सोन्याचा. तिनं रेखाटन दिलं होतं काडेपेटीहून जरा मोठ्या डब्याचं. राजवीरनं आणला तो चपातीच्या डब्याएवढा.

"मापात दिला असता तर लहान दिसला असता की," तो खुशीत म्हणाला. "म्हटलं ताईचं काम हाय, ऐसपैस करू. जास्तीचं काय घेत न्हाय तुमच्याकडनं."

आमच्याकडं दूधवाला मापानंतर वर एक धार सोडतो. ती सोडली नाही तर गिऱ्हाईक रुसतं, आणि सोडलेली परत कर म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. त्रिशलानं राजवीरच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "छान झालाय." आपला छोटा बोर्ड तिनं त्या ऐसपैस डब्यात बसवला आणि ती पुढच्या कामाला लागली.

चाचणीच्या दिवशी संस्थेच्या गच्चीवर सगळे जमले. संस्थेचा चेअरमन विश्वजित हा तरणा, तापट गडी. ज्ञानूनं डब्याचं झाकण लावून आठही स्क्रू असे आवळले, की पुन्हा उघडायला पैलवान लागावा. त्रिशलानं यंत्र सुरू केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अर्ध्या तासात आठ आकडे यायला हवे होते म्हणून विश्वजितनं हिशेब घातला, आणि तिनं तो सहावर आणून दिला. आलेला होता एक, तोही तुटका.

विश्वजित वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सोमवारी अजून एकदा बघू. जमलं तर जमलं. न्हायतर ज्ञानू हाय की."

ज्ञानू हसला. चिमणाबाई जिन्यात उभी होती, ती हसली नाही. ती खाली जाताना त्रिशलापाशी थांबली आणि आपला तळहात पुढं करून म्हणाली, "पोरी, दरसाली दोरी धरून ह्ये घट्टं पडल्यात. यंदा तुजं यंतर ऐकंल म्हणून ह्यांनी सांगिटलं हुतं." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. त्रिशलाला ते फार लागलं.

घरी आणून तिनं डबा उघडला आणि मापलं. यंत्र ठणठणीत! तिळाएवढीसुद्धा खोट नाही. पुन्हा गच्चीवर नेलं, झाकण लावलं, पुन्हा बहिरं. मग शहाण्या माणसाचं होतं तसं तिचं झालं. तिनं दोष बाहेर शोधला. आधी साखर कारखान्याच्या मोटारी, मग मोबाइलचे टॉवर, मग उसावरचं दव. तीन दिवस ती सगळ्या बावड्याला शिव्या घालत होती.

रविवारी सकाळी आण्णा ताक घेऊन वर आले. ती टेबलावर डबा ठेवून वैतागून झाकण लावत होती, काढत होती. आण्णा ताकाचा तांब्या धरून बघत राहिले.

"झाकण काढलं की ऐकतंय?"

"व्हय."

"लावलं की बहिरं?"

"व्हय, आण्णा. पण आत काय बिघडलंच न्हाय. बघा की ह्या मीटरच्या पडद्यावर, माझ्या संदेशाच्या जागी काय बी न्हाय."

"तुझ्या जागी नसंल. दुसरीकडं बघितलंस?" आण्णांनी तांब्या खाली ठेवला. "अगं, ही शिट्टी हाय. मंडपात माईक स्पीकरच्या म्होरं आला की मारतोय तशी. मैदानात कधी न्हाय व्हायची, मंगल कार्यालयात हमखास व्हायची. भिंती आल्या की आवाज फिरून माईकात शिरतोय. तू ह्याला मंगल कार्यालयात कोंडलायस."

त्रिशलानं पडद्याची खिडकी रुंद केली. इतके दिवस ती फक्त आपल्या संदेशाच्या आसपासचा तुकडा बघत होती. झाकण लावलं, आणि तिच्या जागेच्या चौपट वर, जिथं बघायचं तिला कारण वाटलं नव्हतं, तिथं एक उंच सुळका टरारून उभा राहिला. झाकण काढलं, सुळका गायब. यंत्र मनातल्या मनात किंचाळत होतं. किंचाळणाऱ्याला दुसऱ्याचं कुठलं ऐकू येणार?

आता हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बेंगळुरूत तिनं चार जणांना हेच शिकवलं होतं: डबा जेवढा मोठा, तेवढा तो लवकर घुमतो, म्हणून डबा लहान ठेवा. काडेपेटीचं रेखाटन तिनं त्यासाठीच काढलं होतं. राजवीरचा हिरमोड नको म्हणून तिनं चपातीचा डबा घेतला आणि गणित पुन्हा मांडलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ती कपाळाला हात लावून हसत सुटली. तीन दिवसांनी पहिल्यांदाच.

"आण्णा, तुम्ही बेंगळुरूत पायजे होता."

"तिथं हळू बोलावं लागतंय," आण्णा म्हणाले आणि तिचं ताक स्वतःच प्याले.

ती तडक उद्यमनगरात गेली. राजवीरला रविवारचा घरातून उठवला. त्याला आधी वाईट वाटलं. "जास्त दिलं तर बी चुकलंच का?" मग तिनं त्याला समजेल असं सांगितलं. आत येणारा संदेश एका टोकाला, मोठा होऊन बाहेर जाणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधे मोकळा दिवाणखाना. मोठा बोलतो ते फिरून धाकट्याच्या कानात जातं, धाकटा ते पुन्हा मोठ्याकडं पाठवतो, आणि भांडण थांबतच नाही.

"मग मधी भिंत घाला की," राजवीर म्हणाला. "आमच्या चुलत्यांच्यात घातलीया. दहा वर्षं झाली, गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात."

"त्येच सांगायला आलीया."

तासाभरात त्यानं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून डब्याचे दोन अरुंद बोळ केले. संदेश जाण्यापुरती खाली नखाएवढी खाच. घरी येऊन त्रिशलानं झाकण लावलं, आठही स्क्रू आवळले आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. सुळका नव्हता. खरखर शून्य पूर्णांक सहा डेसिबल, झाकणासकट. सोमवारी गच्चीवर दिवसभर दर पाच मिनिटांनी आकडा आला. एकही चुकला नाही.

विश्वजित म्हणाला, "झ्याक. पण खरी परीक्षा पाणी आल्यावर." हे त्याचं बरोबरच होतं.

ती परीक्षा जुलैत आली, आणि यायची तशी आडवळणानं आली. खाली पावसानं ओढ दिली होती. बावड्यात चक्क ऊन पडलेलं, रानं पाण्याला आलेली, तिन्ही मोटारी धडाडत होत्या. वर घाटात मात्र दोन दिवस धो धो चाललं होतं. सकाळी अकराला त्रिशलाच्या पडद्यावर बंधाऱ्याचा आकडा चढायला लागला. साडेसहा फूट. सात. पावणेआठ. बाराच्या आत नऊ. ती स्कूटर काढून थेट नदीवर गेली.

"मोटारी काढा," ती म्हणाली.

विश्वजितनं नदीकडं बघितलं. नदी पायऱ्यांच्या खाली गुपचूप वाहत होती. "मॅडम, पाणी कट्ट्याच्या चार फूट खाली हाय. काढल्या आन पाणी न्हाय आलं, तर दोन दिवस सभासद माझ्या दारात बसतील. एक डाव ज्ञानूला खांबापर्यंत जाऊन बघू दे, चढतंय का त्ये."

चिमणाबाईपर्यंत बातमी पोचली होती. ती दोरी घेऊन धापा टाकत आलीच होती. सवयीनं ज्ञानूनं दोरीला हात घातला.

"इथं खांबावर चढलेलं दिसंल तवा उशीर झालेला असंल," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण सगळे तिच्याकडं वळले. कोल्हापुरात हळू बोलल्याचा हा एक फायदा असतो. "वर तासाला अडीच फूट चढतंय. सकाळपासून एक आकडा चुकलेला न्हाय. माझ्या यंत्रानं त्यात पदरचं काय बी घातलेलं न्हाय, जे हाय त्येच सांगतंय. सहाच्या आत पाणी मोटारींच्या कट्ट्याला लागंल. न्हाय लागलं, तर सभासदांच्या म्होरं मी उभी ऱ्हाते."

तिला भीती वाटत नव्हती का? थोडी वाटत होती. पण त्या वेटोळ्याचा एकेक वळसा तिनं बांबूच्या काडीनं बसवला होता. आपण काय बनवलंय हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याची भीती मोठी होत नाही.

विश्वजितनं ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं दोरी चिमणाबाईच्या हातात परत दिली. "काढतो," तो म्हणाला आणि मोटारी उचलायचा चेनब्लॉक आणायला गेला.

तीन वाजता तिन्ही मोटारी वरच्या बांधावर ओळीनं उभ्या होत्या, कोरड्या ठाक. नदी होती तिथंच होती. चार वाजता विश्वजित तिसऱ्यांदा पायऱ्यांपाशी जाऊन आला. साडेचारला पाण्याचा रंग बदलला. तांबडं, जड पाणी, त्यावर काटक्यांचा पुंजका. मग पायऱ्या एकेक करून बुडायला लागल्या. लोखंडी खांबावरच्या खुणा कुणी न मोजता खाली गेल्या.

आण्णांचा फोन आला. फोन कसला, आण्णा बावड्यातून ओरडले असते तरी ऐकू आलं असतं. "त्रिशे, दिवस मावळायच्या आत जेव. डबा दिलाय न्हवं?" मगदुमांच्या घरात सूर्यास्तानंतर चूल नाही. मग ती बांधावर बसली, डबा उघडला, आणि शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खात पाणी बघत राहिली. सहाला दहा मिनिटं कमी असताना पाणी रिकाम्या कट्ट्याला लागलं.

विश्वजित तिच्या शेजारी येऊन बसला. "ताई," तो म्हणाला. सकाळपासूनचा मॅडम गेला होता. "भाकरी हाय का अजून?"

तिनं अर्धी मोडून दिली. ज्ञानू मोटारीला टेकून चहा पीत होता. त्याच्या विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत वळलेले होते, पण भिजलेले नव्हते. चिमणाबाई त्याच्या पायांकडं पुन्हा पुन्हा बघत होती.

पूर ओसरल्यावर, श्रावणात, त्रिशला ज्ञानूच्या घरी गेली. निमित्त होतं बंधाऱ्यावरची बॅटरी बदलायला त्याला सोबत न्यायचं, पण खरं सांगायचं तर तिला ती दोरी बघायची होती. नेहमी दाराच्या मागच्या खुंटीला असायची. आज खुंटीवर छत्री होती.

"दोरी कुठं गेली वो?" तिनं विचारलं.

चिमणाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता गोठ्याकडं हात केला.

"म्हशीला बांधलीया," ती म्हणाली. "लई वडतीया भवानी. चांगल्या दोरीचं कायतरी काम पायजेच की."